भुशाची भिंत

छबूबाई दिवसभर मोठ्यानं बोलते, ही गोष्ट छबूबाईला सोडून साऱ्या पिंपरी गावठाणाला ठाऊक होती. चुलीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, दळता दळता जात्यावर खेकसायची. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. लोक म्हणायचे, म्हातारी भ्रमिष्ट झाली. म्हातारी म्हणण्याइतकी ती म्हातारी नव्हती, पन्नाशीला टेकली होती एवढंच. आणि भ्रमिष्ट तर मुळीच नव्हती. पण ज्यांच्या घरात दहा माणसं सकाळपासून कलकलाट करतात, त्यांना हे कुणी आणि कसं समजावून सांगायचं?

तिला स्वतःला ते कळलं सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर, आणि तेही भाडेकरूच्या तोंडून. उद्धव त्याचं नाव. बीडकडचा, तेवीस-चोवीस वर्षांचा, अंगानं काटक आणि बोलायला इतका मऊ, की तक्रार करतानाही माफी मागतोय असं वाटावं. गावाबाहेर औषधाचा मोठा कारखाना उभा राहिला होता, तिथं त्याला काम लागलं होतं. संध्याकाळी रात्रपाळीला जायचं, सकाळी यायचं, भाकरी खाऊन जे पडायचं ते दुपार कलल्यावरच उठायचं. बायको शालन पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गेली होती. एका दुपारी तो डोळे चोळत छबूबाईच्या दारात आला.

"मावशी, राग मानू नका. पन तुमी दिवसा लई बोलता."

"मी?" छबूबाई म्हणाली. "कुनाशी?"

"ते मला काय ठावं? आज सकाळी तुमी तव्याला म्हनलात, किती घासू रं तुला, तुझं तोंड काही उजळंना. मला आलं हसू. मंग झोप उडाली ती उडालीच."

छबूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तव्याला आपण तसं म्हणालो होतो, हे तिला आठवत होतं. पण ते मनात म्हटलं, असा तिचा समज होता. चार वर्षं ती असंच समजत आली होती. म्हणजे आजवर काय काय कुणाकुणाच्या कानावर गेलं असेल, देव जाणे. तिनं पदर तोंडाला लावला आणि दोन दिवस घरात चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी कोंबडीनं अंडं चुलीमागं घातलं, तेव्हा राहवलं नाही.

खरं म्हणजे दोष जिभेइतकाच घराचाही होता. शेत कारखान्याच्या हद्दीत गेलं, तेव्हा नवऱ्यानं मोठ्या ऐटीत घराची कौलं उतरवली आणि वर पत्रे घातले. गावात कुणाकडे नव्हते ना, मग आपल्याकडे हवेत! ते पत्रे उन्हाळ्यात तापून तापून जीव नको करायचे आणि थंडीत पहाटे त्यांच्यावरून दव ठिबकायचं. नवरा गेल्यावर छबूबाईनं घराच्या मधोमध कूड घातला आणि अर्धं घर भाड्यानं दिलं. कूड म्हणजे काय, तर तुरीच्या काटक्या, त्यांवर दोन्ही अंगांनी शेणमाती. तोही पुरुषभर उंचीचा. वर पत्र्यापर्यंत सगळं मोकळं. इकडे कांदा चिरला तर तिकडच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"पौषात शालन लेकरू घिऊन यायली," उद्धव म्हणाला. "तवर ही खोली मला उबदार करायची हाय. आन् गप्प. लेकराला झोप लागाय पायजे."

"आन् तुला," छबूबाई म्हणाली.

"मला बी," तो लाजून म्हणाला.

कारखान्यात तो थंड खोलीच्या कामावर होता. औषध नासू नये म्हणून तिथं एक खोली सदानकदा गार ठेवायची असते. तिच्या भिंतींना बुचाच्या जाड पाट्या तापल्या डांबरात चिकटवायच्या, म्हणजे बाहेरची उष्ण हवा आत शिरत नाही; हे उद्धवचं काम. या कामाचं त्याला वेडच लागलं होतं. "तितं गारवा कोंडत्यात, हितं मी ऊब कोंडनार. इद्या येकच," असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे, की जणू तो शोध त्यानंच लावला होता.

तो साहेबाला विचारून बुचाचे टाकाऊ तुकडे घेऊन आला. लाकडाच्या वखारीतून भुशाची पोती आणली. मावळातून भाताचा पेंढा आला, एका कोकण्याच्या दुकानातून काथ्या आला. छबूबाईनं आपली जुनी घोंगडी पुढं केली. मग उद्धवनं सारख्या मापाचे पाच पत्र्याचे डबे मांडले, पाचांत उकळतं पाणी भरलं आणि एकेक डबा एकेका वस्तूत गुंडाळून ठेवला. तासाभरानं सोडून बघायचं, कुठलं पाणी सगळ्यांत ऊन राहिलं.

"मावशी, बोट तुमी घालायचं," तो म्हणाला. "माझी बोटं डांबरानं भाजून दगड झाल्यात. मला ऊन-गार काही कळत न्हाई."

तर अशी छबूबाई न्यायाधीश झाली. पाटावर बसून, पदर खोचून, एकेका डब्यात बोट बुडवून तिनं निकाल दिला. बुचाचं पाणी सगळ्यांत ऊन, त्याखालोखाल घोंगडीचं, मग भुशाचं, मग काथ्याचं. पेंढ्याचं पार निवलेलं. पण बूच होतं वीतभर टोपलीत मावेल एवढं आणि घोंगडी एकच. म्हणजे खरी निवड उरली भुसा, काथ्या आणि पेंढा यांच्यातच.

आवाजाची परीक्षा त्याहून गमतीची. उद्धव आपल्या खोलीत कुडाला एकेक वस्तू लावायचा, कान टेकवून बसायचा, आणि छबूबाईनं आपल्या बाजूनं बोलायचं. जी बाई दिवसभर तोंडाला कुलूप घालत नाही, तिला "बोला" म्हटल्यावर शब्द सुचेना! घसा खाकरून झाला, राम राम म्हणून झालं.

"बोला की मावशी!"

"काय बोलू?"

"काय बी. तुमचं माहेर कुठलं?"

"चिखली," छबूबाई म्हणाली, आणि तिथून जी सुटली ती सुटलीच. चिखलीची विहीर, विहिरीवरचं उंबराचं झाड, त्या झाडावरून पडून मोडलेला तिचा हात, तो हात बांधताना बापानं दिलेला गुळाचा खडा. बोलणं संपलं की उद्धव बाहेरून वळसा घालून तिच्या दारात यायचा आणि काय काय ऐकू आलं ते म्हणून दाखवायचा. "बुचातनं सगळंच आलं बगा. उंबर आलं, हात मोडला, गूळ बी आला." ऊब राखायला बूच पहिल्या नंबराचं, पण आवाजापुढं अगदीच कुचकामी, असं निघालं. गोणपाट टांगलं तर शब्द आले, पण पुसट. "गूळ आला, पन कुनी दिला ते न्हाई कळलं," असं उद्धव गंभीरपणे सांगायचा.

छबूबाईच्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं. नवरा वाईट नव्हता, पण तो हं म्हणणारा माणूस. आणि हं म्हणणारा ऐकतोच असं नाही. इथं एक माणूस भिंतीला कान लावून बसत होता आणि आपलं बोलणं शब्दाला शब्द परत आणून देत होता. दुपार कधी होते याची ती वाट बघायला लागली. सकाळी एकटीनं बोलणं तिचं कमी झालं. आता दुपारसाठी राखून ठेवायची.

आणि मग तिनं एक लबाडी केली. परीक्षा संपली की हे सगळं संपणार, हे तिला कळत होतं. एका परीक्षेवर भरवसा नको म्हणून उद्धव परत डबे मांडायचा, तेव्हा ती परत बोट घालायची आणि म्हणायची, "भुशाचं आन् पेंढ्याचं सारखंच लागतंय बग आज. उद्या परत बगू." चार दिवस तिनं असं केलं. कुणाचं काय बिघडत होतं? बिचारा उद्धव रोज नव्यानं पाणी उकळायचा.

पाचव्या दिवशी पोस्टमननं कार्ड टाकलं. शालनला मुलगी झाली होती, दोघी खुशाल होत्या. उद्धवनं गूळ वाटला, छबूबाईच्या पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, आता घोळ नगं. दोन्ही सारखंच असंल तर पेंढाच भरतो. पेंढा हलका, आन् मिळतो बी लगेच."

छबूबाईच्या तोंडातला गूळ तिथंच राहिला.

त्याच खोलीत तिची तीन बाळंतपणं झाली होती. पहिली दोन मुलं बारा दिवसांच्या आत गेली. तिसरा पाच आठवडे जगला. अंगानं भरला होता, बोट धरायचा, आवाजाकडे मान वळवायचा. पौषात एका पहाटे त्याची छाती घरघरायला लागली आणि दिवस वर यायच्या आत तो गार झाला. तेव्हापासून गावात कुणाचं बारसं असलं की छबूबाईला बोलावणं यायचं ते जेवणाचं, पाळण्याचं नाही. कुणी तोंडावर काही बोलत नसे. ती आली की आया लेकरांना पदराखाली घेत, एवढंच. तिनंही हळूहळू जाणं सोडलं. उद्धव परगावचा, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. "पेंढा नगं. मी खोटं बोलले. भुशाचं पानी चारी दिस ऊन हुतं, पेंढ्याचं गार."

"खोटं? ते कामून मावशी?"

"बोटाला कळलं न्हाई नीट," ती म्हणाली. उद्धव हसला आणि भुशाच्या पोत्यांकडे वळला. असल्या माणसाला फसवणंही पाप वाटतं, इतका तो सरळ.

मग काम झपाट्यानं सुरू झालं. जुन्या कुडापासून वीतभर अंतर सोडून उद्धवनं दुसरा कूड घातला आणि दोन्ही कूड पार पत्र्याला भिडवले. मधल्या पोकळीत भुसा भरला. त्यात चुना आणि कडुलिंबाचा वाळला पाला मिसळला, म्हणजे कीड लागायला नको. पत्र्याच्या खालून गोणपाट ताणून त्याच्या वर होते तेवढे बुचाचे तुकडे बसवले. पहिल्या दिवशी परीक्षा घेतली तर छबूबाईचा आवाज अगदी दूर, पलीकडच्या आळीतून यावा तसा. उद्धवनं उडीच मारली. पण चार दिवसांनी परत घेतली, तर सगळं जसंच्या तसं! चिखलीची विहीरसुद्धा परत ऐकू यायला लागली.

उद्धव डोकं धरून बसला. "आसं कसं झालं? भुसा तर त्योच हाय. बुचाच्या पाट्या अशा कधी बदलत न्हाईत."

काय झालं होतं, ते छबूबाईला बघताक्षणी कळलं होतं. जिनं तीस वर्षं कणग्या भरल्या, तिला ते न कळायला काय झालं? बांबूच्या त्या उंच कणगीत ज्वारी नुसती ओतली तर ती वरपर्यंत भरल्यासारखी दिसते आणि चार दिवसांनी हातभर खाली बसते. भुसाही तसाच खाली बसला होता. वर पत्र्याखाली सबंध लांबीची फट पडली होती, आणि तिथून तिचा आवाज ऐटीत पलीकडे जात होता.

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. उद्धव आणखी महिनाभर डोकं खाजवत बसला असता, आणि महिनाभर रोज दुपारी भिंतीला कान लावत राहिला असता. छबूबाईनं एक रात्र याच्यावर काढली. पण त्या फटीतून आवाज जात होता तसाच वाराही जात होता. आणि पौष पंधरा दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुसळ घेऊन उभी राहिली. "आसं नुसतं ओतून भागत न्हाई बाबा. वीतभर भर, मंग कूड हलव, मंग मुसळानं दाब. मंग परत वीतभर. कनगी भरत्यात तसं."

दोघांनी मिळून तीन दुपारी भिंत भरली. ती कुडावर थापा मारायची, तो वरचे पत्रे सरकवून मुसळ घालायचा. वरची कड तिनं राख, शेण आणि माती कालवून स्वतः लिंपली. कणगीचं तोंड लिंपतात तशी, बोटानं दाबत दाबत, मुंगीला वाट राहू नये अशी. खाली जमिनीच्या सांध्यालाही तेच. काम देखणं झालं. तिचं तिलाच कौतुक वाटलं.

शेवटची परीक्षा घ्यायची होती. भिंत वाळायला आठ दिवस दिले. तोवर छबूबाईनं मनाशी एक ठरवलं होतं.

तिला ते पोर न्हाऊ घालायचं होतं. दुसरं तिला काही नको होतं. पाय लांब करून त्यावर लेकराला पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, पाठीवरून कढत पाणी सोडायचं, नाक-डोकं चोळून फडक्यात गुंडाळायचं. हातांना ते सगळं येत होतं. तीनदा शिकून वाया गेलं होतं. शालनची आई बीडला, सासू हयात नाही. कुणीतरी लागणारच होतं. पण हे मागायचं कसं? समोरासमोर मागावं, आणि उद्धवच्या चेहऱ्यावर जराही सावली पडली, तर? त्यापेक्षा भिंतीतून सांगावं. ऐकू गेलं तर तो येऊन म्हणून दाखवेल, नेहमीसारखा. नाही म्हणायचं असेल तर हसण्यावारी नेईल, आणि आपणही म्हणू, परीक्षेचं बोलणं ते, त्यात काय एवढं.

"हं, मावशी, बोला आता," असं दारातून सांगून उद्धव आपल्या खोलीत गेला.

छबूबाई भिंतीजवळ बसली. तिनं सगळं सांगितलं. तिघांची नावं सांगितली. ती नावं तिनं इतक्या वर्षांत तोंडातून काढली नव्हती. तिसऱ्याची छाती कशी वाजत होती ते सांगितलं. गावातल्या बायका पदर कसा ओढून घेतात ते सांगितलं. "समदं ठावं असून सुद्धा तुमाला चालनार असंल," ती म्हणाली, "तर तुजी लेक मला न्हाऊ घालू दे, उद्धवा. माजे हात चांगले हाइत." एवढं बोलून ती थांबली. तोंड पुसलं, पदर नीट केला आणि दाराकडे बघत राहिली.

बराच वेळ गेला. मग उद्धव दारात आला, कपाळाला आठ्या घालून.

"मावशी, बोला की आता! किती वेळ कान लावून बसायलोय मी."

"बोलले की," ती म्हणाली. "बोलून झालं समदं."

"काय सांगता!" उद्धव ओरडला. "खरंच? एक अक्षर आलं न्हाई, मावशी! एक अक्षर न्हाई!" आनंदानं त्याला काय करावं कळेना. त्यानं भिंतीवर थाप मारली, छबूबाईचे दोन्ही हात धरले, परत भिंतीवर थाप मारली. "काय बोललात एवढा वेळ?"

पुन्हा सांगण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. "देवाचं नाव घितलं," ती म्हणाली.

पौषात शालन आली. तिचा भाऊ तिला पोचवून दुसऱ्याच दिवशी माघारी गेला. छबूबाईनं दारातून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लांबूनच पोर बघितली. काळ्या जावळाची, नाकाच्या शेंड्यावर लाल, गुंडाळलेली. मग दार लागलं. थंडी त्या वर्षी कडाक्याची होती, पण पलीकडची खोली खरंच उबदार झाली होती. शेगडी विझली तरी सकाळपर्यंत ऊब राहते, असं उद्धव सगळ्यांना सांगत सुटला होता. छबूबाईच्या बाजूला पत्रा होता तसाच होता. तिची ऊब कोंडायचं कुणाला सुचलं नव्हतं, तिलाही नाही.

आणि आवाज तर बिलकुल येईना. पोर रडते का हसते, शालन गाणं म्हणते का, भांडं पडतं का, काहीच नाही. घरात लहान मूल आहे हे छबूबाईला कळायचं ते बाहेर दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यांवरून. ती पुन्हा तव्याशी बोलायला लागली होती. आता मोठ्यानं बोललं तरी कुणाची झोप मोडणार नव्हती.

आठव्या दिवशी दुपारी शालन तिच्या दारात आली. उद्धव झोपला होता. शालन म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं आलेलं, कडेवर लेक.

"मावशी, बसू का जरा?" ती म्हणाली. "तिकडं लई गप्प वाटायलंय. ह्यांचं दिवसा झोपनं, राती कामावर. मानसाचा आवाज म्हनून येत न्हाई. मला भ्या वाटतंय."

"बस की बाई, बस," छबूबाईनं पाट सरकवला.

"आन् हिला न्हाऊ घालाया मला जमंना. माझं हात कापत्यात. काल पानी नाकात गेलं, काळीनिळी झाली पोर. आई म्हनली हुती, शेजारच्या जुन्या बाईला इचार." असं म्हणता म्हणता तिनं मुलीला छबूबाईकडे केलंसुद्धा. "तुमी घालाल का?"

बस, हात पुढं करायचे होते. दुसरी कुणीही असती तर तिनं "आन हिकडं" म्हणून पोर मांडीवर घेतली असती आणि बोलायचं ते नंतर बोलली असती. छबूबाईचे हात उचललेही गेले. पोरीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग ते हात तिनं मागं घेतले. आज ना उद्या विहिरीवर कुणी तरी शालनला सांगणारच होतं, आणि मग ही पोरगी रडत रडत पोरीची दृष्ट काढत बसली असती. शिवाय चोरून घेतलेलं लेकरू पायांवर घेऊन तेल लावायचं, हे तिच्या हातून झालं नसतं.

"आदी ऐक," ती म्हणाली. "माजी तीन गेली. तितंच, तुज्या खोलीत. लोक मला लेकराजवळ येऊ देत न्हाईत. हे ठावं असून तुला चालत असंल, तर उद्यापास्नं मी येते. रोज येते. माजा जीव टांगला हाय तिच्यात."

शालनचे हात कधी मागं गेले, तिचं तिलाही कळलं नसेल. मुलगी छातीशी गेली, पदर तिच्या डोक्यावरून आला. शालन वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"ह्यांना इचारून सांगते, मावशी," ती म्हणाली आणि उठली.

उद्धव उठायची वेळ झाली तशी छबूबाई भिंतीपाशी जाऊन बसली. आता पलीकडे बोलणं चाललं असणार. शालन सांगत असणार. उद्धव काय म्हणत असेल? तो हसला असेल, म्हणाला असेल, मावशी तर आपलीच हाय. की गप्प बसला असेल? तिनं भिंतीला कान लावला. एका जागी लावला, मग दुसऱ्या जागी, मग खाली वाकून जमिनीच्या सांध्याशी. जिथं जिथं फट असायची शक्यता, तिथं तिथं तिनंच बोट दाबून लिंपलं होतं. पलीकडे तिचा निवाडा चालला होता आणि तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. राग आला तो स्वतःचाच. अंधार पडायच्या सुमारास उद्धव कामावर निघाला. रोज तिच्या दाराशी क्षणभर थांबायचा. आज "येतो मावशी" म्हणाला, पण थांबला नाही.

तरी सकाळी ती लवकर उठली. नखं काढली. तिळाचं तेल कोमट करून वाटीत घेतलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि उंबऱ्यात पाय खाली सोडून बसली. थंडी बोचत होती. इचारून सांगते म्हणाली होती. सांगायला येईल.

थोड्या वेळानं शेजारच्या मोरीच्या भोकातून पाणी आलं. दारापुढच्या चारीतून ते वाहत तिच्या पायांशी आलं. त्याच्यावर तेलाचे थेंब तरंगत होते आणि डाळीच्या पिठाचा वास होता. पोरीचं न्हाणं चाललं होतं. म्हणजे उत्तर आलं होतं. छबूबाईला वाटलं होतं, नाही म्हटलं तर आपण रडू. रडू आलं नाही. नुसतं सगळं अंग रिकामं झालं.

शालन रिकामी बादली घेऊन दारात आली. तिला बघून थबकली. तिची नजर तेलाच्या वाटीवर गेली आणि तिथून झटकन दुसरीकडे.

"पानी सोडलंय, मावशी," ती म्हणाली. "पाय घ्या वर."

छबूबाईनं पाय वर घेतले नाहीत. पाणी पायांवरून जात होतं. वाटेत निवलं असेल असं धरलं, तरी जरा गारच होतं.

"शालन," ती म्हणाली, "पानी गार घेतीस गं. पौष हाय. उद्या आजून ऊन घे. आन् हात कापला तरी मान सोडू नगं तिची."

"बरं, मावशी," शालन म्हणाली. आत पोर रडत असावी, कारण ती घाईनं वळली आणि वारा आत शिरू नये म्हणून तिनं दार लावून घेतलं.